मदत हवी आहे: खुर्ची सरकवली, मनगट मोडलं. 'हेतू नव्हता' म्हटलं की संपलं का?

पारिजात:
परवा नोटीस पाठवायची आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. खुर्ची सरकवल्यामुळे मी पडले. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट आणि स्क्रू बसवलेत. समोरचा म्हणतो, हेतू नव्हता. हेतू नसेल तर भरपाईचा दावा होतच नाही का? एवढंच सांगा. 'वकील गाठा' नको, वकील आहेत, पण ते वेळ देत नाहीत. डाव्या हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या.

टीपकागद:
होतो. हयगयीच्या दाव्याला हेतू लागतच नाही. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही, त्यामुळेच इजा झाली आणि अशी इजा होईल हे कुणाही समंजस माणसाच्या लक्षात आलं असतं, इतकं दाखवायचं. पण खुर्ची कोणी सरकवली, आणि तुम्ही बसताय हे त्याला दिसत होतं का?

सांजवारा:
आधी पोलिसांत जा! माझ्या मावसभावाला धक्काबुक्की झाली तेव्हा आम्ही थेट तक्रार दिली, दुसऱ्या दिवशी माणूस पाया पडत आला.

वहिवाट:
सांजवारा, फौजदारी शिक्षेसाठी असते, ताईंना उपचाराचा खर्च हवाय. पुराव्याचं मापही वेगळं आहे. तिथे वाजवी शंकेला जागा राहता कामा नये, दिवाणीत पारडं कुणाकडे झुकतं तेवढं पाहतात. दोन्ही एकाच घटनेवरून चालू शकतात.

रानवाट:
खुर्ची कुठल्या बनावटीची? पाय सैल असतील तर बनवणाऱ्याला धरा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्लीत एका बाईंनी तक्रार केली होती की जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे बाईंचा कुणाशी करारच नव्हता. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की बनवणारा शेवटच्या ग्राहकाला बांधील आहे. लॉर्ड ॲटकिन यांचं 'शेजारी' तत्त्व तिथलंच. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल असं आधीच ध्यानात यायला हवं, तो आपला शेजारी. बाटली अपारदर्शक काचेची होती, हे विसरू नका, म्हणून तर...

पारिजात:
खुर्ची धडधाकट आहे हो. ऑफिसमधला सहकारी होता, जेवणाच्या सुट्टीत. मी बसत होते, त्याने मागून ओढली. सगळे हसले. हे लिहायचं राहिलं, पण हात मोडला तो मोडलाच ना, कसा ओढली याने काय फरक पडतो?

वहिवाट:
सगळा फरक तिथेच आहे. ही हयगय नाही, जाणूनबुजून केलेलं अपकृत्य (ज्याची दिवाणी भरपाई मागता येते असं चुकीचं कृत्य) आहे, कायद्यात 'बॅटरी' म्हणतात ते, म्हणजे दुसऱ्याला नको असलेला, अपायकारक स्पर्श मुद्दाम घडवणं.

टीपकागद:
असहमत. मस्करी होती, हात मोडायचा हेतू नव्हता. हयगयच मांडा, सिद्ध करायला सोपी.

वहिवाट:
'इजा करायचा हेतू' हा निकषच नाही. अमेरिकेतला गॅरेट विरुद्ध डेली वाचा, १९५५, वॉशिंग्टन राज्याचं सर्वोच्च न्यायालय. पाच वर्षं नऊ महिन्यांच्या मुलाने खुर्ची हलवली, एक बाई बसायला गेल्या आणि पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. खालच्या कोर्टाने म्हटलं, मुलाच्या मनात वाईट नव्हतं. वरच्या कोर्टाने विचारलं, बाई आता तिथेच बसणार आहेत हे त्याला जवळपास नक्की ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर हेतू आहे. प्रकरण परत गेलं, ठाऊक होतं असं ठरलं आणि ११,००० डॉलर भरपाई झाली. जमिनीवर आपटणं हाच तो नको असलेला स्पर्श. पोराला लागू, तर मोठ्या माणसाला का नाही?

टीपकागद:
तत्त्व मान्य. पण व्यवहार बघा. हेतुपुरस्सर म्हटलं की त्याची विमा कंपनी बहुधा हात झटकते आणि मालकाला जबाबदार धरणं अवघड होतं, कारण खुर्ची ओढणं हे त्याचं काम नव्हतं. खिशात काही नसलेल्या माणसाविरुद्ध निकाल घेऊन करायचं काय? मी असा कागद घेऊन चार वर्षं फिरलोय.

वहिवाट:
म्हणून दोन्ही मांडा, पर्यायी म्हणून. जाणूनबुजून केलं, ते सिद्ध न झाल्यास किमान हयगय. ताई, पडताना तुमचं लक्ष कुठे होतं? हयगयीत तुमचीही चूक दिसली तर भरपाई कापली जाऊ शकते. जाणूनबुजून केलेल्याला तो बचाव सहसा चालत नाही.

पारिजात:
फोनवर. म्हणजे माझीच चूक का? आणि डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ आहेत, तेही आता माझ्यावरच येणार?

वहिवाट:
हाडांचं अजिबात नाही. माणूस आहे तसाच धरायचा, ठिसूळ असेल तर ठिसूळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १८८९ साली वर्गात एका मुलाने दुसऱ्याच्या नडगीला हलकी लाथ मारली. पायाला आधीच दुखापत होती, पाय कायमचा निकामी झाला. एवढं होईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं, तरी लाथ मारणाऱ्यावर पूर्ण जबाबदारी येते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये म्हटलं. डॉक्टरांचा शेरा लपवू नका.

सांजवारा:
आणि ग्रुपवर कुणी चेष्टा केली तर अब्रुनुकसानीचाही दावा करा.

पारिजात:
चेष्टा नाही केली, पण ग्रुपवर व्हिडिओ आहे.

टीपकागद:
अहो, व्हिडिओ आहे आणि आत्ता सांगताय? कुठून सुरू होतो?

पारिजात:
मी उभी असते तिथपासून. आत्ता नीट पाहिला. मी डबा टेबलावर ठेवते, तो कॅमेऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवतो, मग खुर्चीच्या पाठीवर हात. मी वाकल्यावर ओढतो. पडल्याचा आवाज येतो आणि कॅमेरा छताकडे जातो.

टीपकागद:
माझं मत बदललं. वहिवाट म्हणतात तेच आधी मांडा, हयगय पर्याय म्हणून ठेवा. मूळ फाइल काढणाऱ्याकडून घ्या, ग्रुपवरची नको. आणि मुदत आजच वकिलांना विचारा, अपकृत्यागणिक ती वेगळी असते.

पारिजात:
काढणारी शेजारच्या टेबलाची आहे. मूळ फाइल पाठवते म्हणाली.