पोराला आधी काय शिकवायचं, ठोसा की बचाव?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आमच्याकडचा १७ वर्षांचा पोरगा मागच्या आठवड्यात बॉक्सिंगच्या निवड चाचणीत हरला. त्याचा उजवा हात असा, की जिनिंगमधल्या टाकाऊ कापसानं ठासून भरलेली बॅग साखळीसकट हेलकावे खाते. पण उजवा मारला की त्याचा डावा हात छातीपर्यंत उतरतो आणि हनुवटी उघडी पडते. समोरच्या काटकुळ्या पोरानं पहिल्याच राउंडमध्ये ते हेरलं. मग तिन्ही राउंड तोच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, त्याच जागी. आमचा पोरगा दमला, चिडला, आणखी जोरात हवेत मारत राहिला.

बाहेर आल्यावर त्याचे वडील म्हणाले, "सर, याच्या हातात अजून जोर पाहिजे." तिथे मी गप्प राहिलो. जोर होता हो. बचाव नव्हता, आणि ती चूक माझी. सहा महिने मी त्याला बॅगवरच सोडलं होतं.

माझं आता ठाम मत झालंय: पहिलं वर्षभर पाय, गार्ड (बचावासाठी हात चेहऱ्याशी धरणं) आणि डोकं हलवणं, एवढंच. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात जगज्जेता बॉक्सर जॉर्ज फोरमन मुहम्मद अलीसमोर उतरला तेव्हा ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउट. अली रिंगच्या दोरांना टेकून उभा राहिला, ठोसे दंडांवर आणि ग्लोव्हजवर झेलले, फोरमनला दमवलं आणि आठव्या राउंडला झोपवला. यापेक्षा मोठा धडा कोणता?

भुसावळ जंक्शन

सर, तुमचा मान ठेवून विरोधात बोलतो. शेवटी अलीनं फोरमनला पाडलं कशानं? ठोशानंच ना? नुसता बचाव करत बसला असता तर आठवा राउंड संपून नववा लागला असता.

आणि फोरमनचंच बोलायचं तर १९९४चाही सांगा. वय ४५, समोर २६ वर्षांचा मायकल मूरर, तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे. दहाव्या राउंडला उजवा हात बसला आणि खेळ खलास. वय झालं की पाय जातात, नजर जाते, हातातला दणका शेवटपर्यंत राहतो.

आपल्याकडची पोरं बघा. मळ्यातून केळीचे घड खांद्यावर वाहणारा पोरगा १६व्या वर्षी पहिल्यांदा ग्लोव्हज घालतो. कमरेतली ताकद तो घरूनच घेऊन येतो. ते त्याचं भांडवल आहे, आणि तुम्ही वर्षभर त्याला ते वापरू नको म्हणणार? दोन महिन्यांत पोरगा तालीम सोडेल. यात्रेच्या दंगलीत नारळावरची कुस्ती जिंकली की पोरगं दुसऱ्या दिवशी पहाटेच आखाड्यात हजर असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पांझराकाठी

भो, अमेरिकेचा बॉक्सर फ्लॉइड मेवेदर ५० लढतींत एकही हरला नाही आणि त्यातल्या २७च नॉकआउट. उरलेल्या २३ गुणांवर. माझ्यासाठी विषय इथेच संपतो.

भुसावळ जंक्शन

नाही संपत. मेवेदरचे वडील बॉक्सर, काका बॉक्सर. तो चालायला लागला तोच जिममध्ये. तसा बचाव अंगात मुरायला अर्धं आयुष्य जातं. आपल्या पोराला शाळा, शेत सांभाळून रोजचा एक तास मिळतो. त्या तासात काय पक्कं होईल ते शिकवा.

शहाद्याची आई

माझी मुलगी १५ वर्षांची आहे, दोन वर्षं खेळते. डावपेच मला कळत नाहीत, पण एक गोष्ट सांगते. आधी ती जिथे जायची, तिथे सरावात तिच्याहून जड मुलीशी लढवलं. डोक्याला दोनदा जोरात लागलं. घरी आली, जेवली नाही, रात्री उलटी झाली. तिथले सर म्हणाले, "होतं असं, सवय होईल." मी तिला दुसरीकडे नेलं. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आत मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. भाऊ, ताकद पोरं घरून घेऊन येतात म्हणता, मग समोरचाही आणतोच की. त्यापासून कसं वाचायचं हे पहिल्या दिवशी कुणी शिकवायचं?

भुसावळ जंक्शन

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. असं कुणाच्याच लेकराबाबत व्हायला नको. गार्ड पहिल्या दिवसापासून, हे मान्य. पण वर्षभर फक्त गार्ड, हे अजूनही पटत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वर्षभराचं माझं म्हणणं मागे घेतो. पोरगा टिकला पाहिजे, हे तुमचं खरं शे भो. पण १९९४च्या फोरमनची लढत परत बघा, नीट हातांकडे बघा. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून तो पुढे सरकतो. १९७४ला तो असा उभा राहत नव्हता. दणका तोच, पण तो दहाव्या राउंडपर्यंत जपून आणला त्या आडव्या हातांनी.

काल शेडमध्ये खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधली. पोरगा गुडघ्यात वाकून इकडून तिकडे तिच्याखालून जातो, प्रत्येक पावलाला एक ठोसा, आणि मारलेला हात परत गालाशी. सुतळीला डोकं लागलं की पुन्हा पहिल्यापासून. काल ११ वेळा लागलं, आज ७ वेळा. शेवटी दहा मिनिटं बॅग देतो, मनसोक्त मार म्हणतो. रविवारी सकाळी साडेपाचला भुसावळहून या. ठोसे झेलायचे पॅड तुम्ही धरा.