कृतार्थ, समाधानी आणि स्वस्थ

प्रश्न : निरोप समारंभात हमखास ऐकू येतं, 'कृतार्थ झालो, आता समाधानी आहे.' दोन्ही एकच का? ध्येय गाठल्याचं सुख आणि स्वतःला ओळखल्याचं सुख यांना वेगळे शब्द आहेत का?

— एकच नाहीत. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, साधून झाला तो कृतार्थ. सोबतचं क्रियापद बघा. माणूस कृतार्थ 'होतो', जन्माचं सार्थक 'होतं', पैसा सार्थकी 'लागतो'. आधी काहीतरी तडीस जावं लागतं. समाधानी मात्र माणूस नुसता असतो, पदरात काही पडो न पडो.

— समाधान मूळचं इतकं घरगुती नाही हो. वेदान्तात साधकाच्या अंगी लागणारे सहा गुण सांगितलेत; शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा यांच्या पंगतीतलं ते सहावं. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत म्हटलंय की बुद्धी सदैव शुद्ध ब्रह्माच्या ठायी नीट ठेवणं म्हणजे समाधान, 'न तु चित्तस्य लालनम्'. मनाचे लाड नव्हेत! आणि आपण नेमकं त्या लाडांनाच समाधान म्हणतो.

— 'स्वस्थ' राहिलाच की. स्व + स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. आयुर्वेदातल्या सुश्रुताच्या व्याख्येत दोष (वात, पित्त, कफ), अग्नी, धातू सम असून भागत नाही. आत्मा, इंद्रियं, मनही प्रसन्न हवं. हिंदीत त्याचा निरोगी झाला, मराठीत गुपचूप बसलेला. 'जरा स्वस्थ बस' हे पोराला सांगायचं. आणि तुमचे ते कृतार्थ झालेले गृहस्थ दोन महिन्यांत म्हणायला लागतात, 'घरी स्वस्थ बसवत नाही हो.'

प्रश्नकर्ता : मग गीतेतल्या 'कृतकृत्य'चं काय? 15.20 मध्ये हे गुह्य जाणणारा कृतकृत्य होतो. केलं काहीच नाही, फक्त जाणलं!

— म्हणूनच ही वाटणी मला फार ताणावीशी वाटत नाही. 3.17 मध्ये तर आत्म्यातच संतुष्ट असलेल्याला 'कार्यं न विद्यते', करण्याजोगं काही उरतच नाही. पण दोनच श्लोकांनी कृष्ण अर्जुनाला म्हणतो, तू आपला आसक्ती सोडून काम करत राहा. तुकोबांच्याही एकाच अभंगात आधी 'अट्टहास' आहे, मग 'विसांवा'.

प्रश्नकर्ता : बरं, सत्काराला उत्तर देताना काय म्हणावं?

— काम पुरं झालं असेल तर खुशाल कृतार्थ. 'धन्य झालो' जरा जपून. 'धन्य आहेस बाबा!'ने त्या शब्दाची पार रया घालवली आहे.