स्कॅनस्नॅप एस१३००आय यादीत दिसतो, पण डेबियनवर स्कॅन होत नाही

प्रश्न:
डेबियन १२ (लिनक्स). स्कॅनरचं झाकण उघडलं की 'एलएसयूएसबी'मध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत) ०४सी५:१२८डी दिसतो, 'स्कॅनइमेज -एल'च्या स्कॅनर-यादीत एपजित्सू या ड्रायव्हरच्या नावाने येतोही. पण स्कॅन सुरू केलं की लगेच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावूनही तेच. केबल आणि पोर्ट बदलून झाले. जुने सातबारे आणि पावत्यांचे गठ्ठे दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचे आहेत. नेमकं कुठे अडतंय?

उत्तर १:
सुडोनेही तेच होतंय, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही. यादीत नाव आलं याचा अर्थ फक्त यूएसबी क्रमांक ओळखला गेला. या यंत्रात फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कायमचं राहत नाही. दर वेळी चालू झालं की संगणकाने ते भरावं लागतं, आणि ती फाइल मालकी हक्काची असल्याने सेन या लिनक्सच्या स्कॅनर-सॉफ्टवेअरच्या पॅकेजात मिळत नाही.

फाइलचं नाव १३००आय_०डी१२.एनएएल. विंडोज ड्रायव्हरच्या सीडीवरची डेटा१ कॅब फाइल 'अनशील्ड' या प्रोग्रॅमने उघडून त्यात शोधा. मग /यूएसआर/शेअर/सेन/एपजित्सू हा फोल्डर तयार करून (आधीपासून बहुधा नसतो) फाइल तिथे ठेवा. /ईटीसी/सेन.डी/एपजित्सू.कॉन्फमध्ये तुमच्या यूएसबी क्रमांकाच्या ओळीच्या वरच फर्मवेअरची ओळ आहे. त्यातलं नाव आणि फाइलचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. 'डी'च्या आधी शून्य आहे, 'ओ' नाही. 'आय' नसलेल्या एस१३००ची फाइल वेगळी, ती इथे चालणार नाही. शेवटी झाकण बंद करून पुन्हा उघडा.

प्रश्नकर्ता:
फाइल टाकली. आता सुडोने स्कॅन होतं, त्याशिवाय मात्र जुनीच चूक येते.

उत्तर २:
आता मात्र परवानगीच. सुडोने कॉपी केलेली फाइल इतरांना वाचता येत नसणार. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ (सर्वांना वाचता येईल अशी परवानगी) द्या. अशा वेळी रोज सुडोने स्कॅन करायची सवय लावून घेऊ नका, सगळ्या फायली रूटच्या (प्रशासकाच्या) नावावर जमा होतात आणि नंतर हलवताना त्रास होतो.

उत्तर ३:
गठ्ठ्यासाठी 'स्कॅनइमेज'ला हे पर्याय द्या: सोर्स 'एडीएफ डुप्लेक्स' (दोन्ही बाजू), मोड ग्रे, रिझोल्यूशन ३००, आणि 'बॅच' पर्याय. ट्रेमध्ये एका वेळी १० कागद बसतात, म्हणजे २० प्रतिमा. पुढच्या खेपेला 'बॅच-स्टार्ट' २१ द्या, नाहीतर आधीच्या पानांवर नवी पानं लिहिली जातील. अडॅप्टर नसेल तर डेटाच्या केबलबरोबर यूएसबी पॉवरची केबलही जोडावी लागते.

प्रतिमा 'आयएमजी२पीडीएफ'ने एकत्र करा, मग 'ओसीआरमायपीडीएफ'ला (पीडीएफमधला मजकूर शोधण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) भाषा 'एमएआर+ईएनजी' द्या. त्यासाठी टेसरॅक्टचं (प्रतिमेतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) मराठी पॅकेज वेगळं बसवावं लागतं. छापील मजकूर शोधता येईल. तलाठ्याच्या हातच्या नोंदींवर मात्र विसंबू नका.

आणि घडीवर चिरलेले सातबारे या रोलरमधून अजिबात घालू नका. एकदा कोपरा अडकला की कागद उभा फाटतो. तेवढे फ्लॅटबेडवर घ्या.