इंग्रजी उताऱ्यावरील अनुमानाच्या प्रश्नांत आधार कशाचा घ्यावा?

प्रश्न : अभ्यासिका_सदाशिव_पेठ

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी पुण्यात राहून बँकांच्या आणि सीडीएसच्या (सैन्यदलांतील अधिकारी भरतीच्या) परीक्षेची तयारी करीत आहे. व्याकरणाचे प्रश्न नियम पक्के असले की सुटतात. अडचण येते ती उताऱ्यावरील प्रश्नांत. अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखावा, असे प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेले असते. परंतु ओळखलेला अर्थ खरोखर उताऱ्यातून आला की आपल्याच मनातून, हे तपासायचे कसे, याचे उत्तर मला कोठेही मिळालेले नाही. ‘उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते’ या प्रश्नात तर दोन पर्याय सारखेच खरे वाटतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असताना अशा वेळी काय करावे?

उत्तर : इंग्रजी_अध्यापिका_कोथरूड

कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असल्यामुळे शब्दार्थाच्या प्रश्नाविषयी आधी लिहिते. अनोळखी शब्दावर थांबून राहण्यापेक्षा त्याच्या शेजारची अव्यये पाहावीत. ‘अनलाइक हिज गॅरुलस ब्रदर, मोहन सेल्डम स्पोक’ या वाक्यातील ‘गॅरुलस’ हा शब्द तुम्ही कधी वाचला नसेल, तरी ‘अनलाइक’मुळे भाऊ मोहनच्या उलट स्वभावाचा आहे हे कळते, आणि मोहन क्वचितच बोलतो, म्हणजे भाऊ बडबड्या असला पाहिजे. हा अर्थ मनातून आलेला नाही, कारण त्याचे आधार असलेल्या ‘अनलाइक’ आणि ‘सेल्डम’ या दोन शब्दांवर तुम्हाला बोट ठेवता येते. ज्या अर्थासाठी असे बोट ठेवता येत नाही, तो अर्थ मी वर्गात मान्य करीत नाही.

अर्थ सुचल्यावर तो मूळ शब्दाच्या जागी घालून पुढचे वाक्यही वाचावे, कारण पुष्कळदा चूक तेथे उघड होते. उपसर्गांवर मात्र एकट्याने विसंबू नये. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ‘किंमत नसलेले’ असे अनेक विद्यार्थी लिहितात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ आपल्या ‘अमूल्य’सारखा, किंमत करता येणार नाही इतके मोलाचे, असा आहे.

उत्तर : आयईएलटीएस_वाचनवर्ग

दोन पर्याय सारखेच खरे वाटतात याचे मुख्य कारण माझ्या मते असे की, आपण उताऱ्याला न विचारता स्वतःच्या माहितीला विचारतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत वाचनाच्या भागात ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ असे तीन पर्याय असलेले प्रश्न येतात, आणि त्यांतील तिसरा पर्याय ही सवय अचूक पकडतो. पुणेकरांना जवळचे उदाहरण देतो. समजा, उताऱ्यात एवढेच लिहिले आहे : ‘12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.’

आता पहिले विधान घ्या : ‘पानशेत धरणाचे काम त्या वेळी पूर्ण झालेले नव्हते.’ हे विधान खरे आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून पुराच्या आठवणी ऐकलेला पुण्याचा विद्यार्थी तत्काळ ‘ट्रू’ लिहील. परंतु उताऱ्यात बांधकामाविषयी अवाक्षरही नाही, म्हणून योग्य उत्तर ‘नॉट गिव्हन’ हेच आहे. दुसरे विधान : ‘खडकवासला धरण पानशेतच्या खालच्या बाजूस आहे.’ हेही उताऱ्यात शब्दशः नाही. तथापि पानशेतचा लोंढा खडकवासल्यापर्यंत वाहत आला, त्या अर्थी ते खालच्या बाजूस असलेच पाहिजे. याला मी अनुमान म्हणतो. तिसरे विधान : ‘नदीपासून दूरच्या वस्त्या सुरक्षित राहिल्या.’ येथे फसगत सर्वाधिक होते. नदीकाठच्या पेठा बुडाल्या म्हणून दूरच्या सुरक्षित राहिल्या असे वाटते खरे. पण एका भागाविषयी केलेले विधान दुसऱ्या भागाविषयी काहीच सांगत नाही.

तेव्हा दोन पर्यायांत अडकल्यावर ‘यांपैकी खरे काय’ असे न विचारता, ‘उतारा खरा धरला तर यांपैकी कोणते विधान खोटे असूच शकत नाही’ असे विचारून पाहावे. ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असे शब्द असलेल्या पर्यायाकडे अशा वेळी विशेष लक्ष द्यावे, कारण तितक्या ठाम विधानाला उताऱ्यातही तितकाच ठाम आधार हवा.

उत्तर : ग्रंथालय_डेक्कन

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त असली तरी एका मर्यादेचा उल्लेख राहिला आहे. संदर्भावरून अर्थ काढायचा तर आधी तो संदर्भ कळला पाहिजे. हू आणि पॉल नेशन या भाषा-संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय गोष्ट पुरेशी समजण्यासाठी बहुतेक वाचकांना तिच्यातील सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच नवा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला एका ओळीत तीन शब्द अडत असतील, तर त्याला केवळ युक्त्या शिकवणे अन्यायाचे आहे असे मला मनापासून वाटते. त्याने आधी सोपे इंग्रजी भरपूर वाचावे. परिच्छेद संपेपर्यंत शब्दकोश उघडू नये, अर्थ समासात लिहावा आणि मगच तो शब्दकोशाशी ताडून पाहावा.

प्रश्नकर्ता :

सर्वांचा आभारी आहे. पानशेतच्या उदाहरणामुळे अनुमानाचा मुद्दा स्पष्ट झाला. वजा गुणांविषयीही कृपया सांगावे.

उत्तर : आयईएलटीएस_वाचनवर्ग

आयईएलटीएसमध्ये गुण वजा होत नाहीत; तुमच्या परीक्षांत होतात. पाच पर्याय आणि पाव गुण वजा, किंवा सीडीएसप्रमाणे चार पर्याय आणि एक तृतीयांश गुण वजा, या दोन्ही पद्धतींत डोळे झाकून दिलेल्या उत्तरांची सरासरी बेरीज शून्य येते. म्हणून एकही पर्याय बाद करता येत नसेल, तर तो वेळ पुढच्या प्रश्नाला द्यावा. मात्र उताऱ्यातील शब्दावर बोट ठेवून एक जरी पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तरी सरासरी तुमच्या बाजूने झुकते; आणि तुम्ही म्हणता तसे दोनच पर्याय उरले असतील, तर तो प्रश्न सोडू नये.