डेन्व्हरच्या कोरड्या हवेत ॲशचा बुडखा: ग्राइंड करायचा की राहू द्यायचा?

खुरपं

कोलोरॅडोतल्या डेन्व्हर आणि आजूबाजूच्या गावांत ॲशची झाडं धडाधड पाडली जाताहेत. एमरल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा २०१३ मध्ये बोल्डरला सापडला आणि तेव्हापासून फ्रंट रेंजमध्ये, म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याच्या या पट्ट्यात, पसरतोच आहे. झाड पाडणारे जे कोटेशन देतात त्यात 'स्टंप ग्राइंडिंग', म्हणजे उरलेला बुडखा मशीनने जमिनीखालपर्यंत तासून भुसा करणं, ही ओळ वेगळी असते. आपली मंडळी नेमकी तीच ओळ खोडतात. म्हणतात, राहू दे, दोन-चार वर्षांत कुजेल आपोआप. माझं म्हणणं असं की इथे तो कुजत नाही, आणि ती ओळ खोडू नये.

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि लाकडात ओल साधारण २५-३० टक्क्यांच्या वर असेल तरच तिचं काम चालतं. डेन्व्हरला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पाणी पडतं. कोकणात जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पाऊस होतो. म्हणून इथे बुडख्याचा जमिनीवरचा भाग कुजण्याआधी वाळतो, त्याला उभ्या चिरा पडतात आणि तो वर्षानुवर्षं तसाच कडक राहतो. मूळ मात्र बराच काळ जिवंत असतं, म्हणून चहूबाजूंनी धुमारे फुटतात. बोररच्या अळ्या सालीखाली असतात, त्यामुळे बाधित बुडखा ठेवण्यात जोखीमही आहे.

काम करून घेताना काय पाहायचं ते सांगतो. जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला, ८११ या फोन नंबरवर, किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवा. ते फुकट येऊन खुणा करतात: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची, नारिंगी केबलची, हिरवी सांडपाण्याची. पण स्प्रिंकलरचे पाइप तुमचे खाजगी, त्यांची खूण कोणी करत नाही. ते तुम्हीच झेंडे लावून दाखवायचे. बुडख्याभोवतीचे गोटे हाताने उचला, नाहीतर चाकाचे कार्बाइडचे दात तुटतात आणि दगड गोळीसारखा उडतो. खिडकीच्या बाजूला प्लायवुड उभं करा. चाक पुढच्या कडेपासून डावी-उजवीकडे फिरवत दर फेरीला दोन-तीन इंचच खाली न्यायचं. एकदम खोल घातलं की मशीन उसळतं. वर नुसती हिरवळ हवी असेल तर ६-८ इंच खोली पुरते. तिथे काही लावायचं असेल तर १२ ते १८ इंच सांगा, आणि तो आकडा कोटेशनवर लिहून घ्या. 'ग्राइंडिंग' एवढंच लिहिलं असेल तर चार इंचांवर काम आटोपतं.

रानमेवा

खुरपं, कुजण्याबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर, पण 'ओळ खोडूच नये' हे मला पटत नाही. तीन ठिकाणी ग्राइंडर आणणं नुकसानीचं ठरतं.

पहिलं, शेजारी जगवायचं झाड असेल तेव्हा. ॲशच्या शेजारी दहा फुटांवर हॅकबेरी किंवा ओक असेल तर त्याची पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात, आणि ती ॲशच्या मुळांमध्येच गुंतलेली असतात. १८ इंच खोल खड्ड्यात तीही जातात. या हवेत मुळं तुटलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळू लागतं, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

दुसरं, घराचा पाया. फ्रंट रेंजच्या बऱ्याच भागात बेंटोनाइटयुक्त, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती आहे. मोठं झाड त्या मातीतलं पाणी ओढत असतं. झाड गेलं की माती हळूहळू पुन्हा ओलावते आणि फुगते. त्यात पायाजवळ भुसभुशीत खड्डा करून ठेवलात तर छताचं पाणी तिथेच मुरणार आणि स्लॅब उचलला जाणार. पायापासून पाच-सात फुटांच्या आत बुडखा जमिनीलगत कापून सोडलेला बरा. ग्राइंड केलाच तर खड्डा त्याच दिवशी मातीने ठासून भरायचा आणि उतार घरापासून दूर ठेवायचा.

तिसरं, चढाची जागा. तिथे ती मुळंच माती धरून आहेत.

बोररसाठी ग्राइंडरच लागतो असंही नाही. साल आणि तिच्याखालचं अर्धा इंच लाकूड कुऱ्हाडीने तासून काढलं तरी काम होतं. नुसती साल सोलून पुरत नाही, कारण अळी हिवाळ्यात लाकडाच्या बाहेरच्या थरात शिरून बसते. बुडख्यावर वाचलेले पैसे दुसऱ्या, अजून बऱ्या असलेल्या ॲशला एमामेक्टिन बेन्झोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन देण्यात घाला. शेंड्याची पानगळ ३० टक्क्यांच्या आत असेल तर झाड वाचू शकतं. डोस दर दोन-तीन वर्षांनी.

गुळवेल

दोघांनाही एक विचारायचंय. दुकानात 'स्टंप रिमूव्हर' पावडर मिळते. भोकं पाडून ती भरायची म्हणतात. कोणी एप्सम सॉल्टही सुचवतं. ग्राइंडर आणि सोडून देणं, यांच्या मधला हा मार्ग नाही का?

खुरपं

नाही. ती पावडर बहुधा पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोराच. ती बुरशीला नत्र पुरवते, लाकूड स्वतः विरघळवत नाही. बुरशीला ओल हवी आणि इथे नेमकी तीच नाही. एक इंच रुंदीची, ८-१० इंच खोल भोकं पाडून ती भरली तरी वर सतत ओलं गोणपाट ठेवावं लागतं, आणि तेही ताज्या नव्हे तर आधीच जुन्या झालेल्या बुडख्यालाच थोडंफार लागू पडतं. शिवाय सोरा भरलेलं लाकूड चटकन पेटतं.

एप्सम सॉल्ट तर मुळीच नको. इथली माती आधीच अल्कधर्मी, पीएच बऱ्याच ठिकाणी ७.५ च्या वर, आणि पाऊस इतका कमी की क्षार खाली धुऊन जात नाहीत. त्यात आणखी मीठ कशाला ओतायचं? सिल्व्हर मेपलची पानं हिरव्या शिरा ठेवून पिवळी पडलेली दिसतात ना, ती या पीएचमुळेच. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही.

देवराई

तुमचा वाद ॲशवर अडकलाय. झाड कोणतं यावर निम्मा निर्णय ठरतो.

सायबेरियन एल्म आणि रशियन ऑलिव्ह ही झाडं नुसती कापून सोडली तर एका कांडाची वीस होतात. तिथे कापाच्या जागी ग्लायफोसेट हे तणनाशक लावावंच लागतं, आणि वेळ चुकली की औषध वाया जातं. करवत थांबल्यापासून पाच-दहा मिनिटांत, भुसा झटकून, लहान ब्रशने फक्त सालीला लागून असलेल्या कडेच्या कड्यावर लावायचं. मधलं लाकूड मेलेलंच असतं, तिथे ओतून काही होत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात लावलं तर झाडाचा रस खाली मुळाकडे जात असतो, औषधही त्याबरोबर जातं. वसंतात रस वर चढतो आणि औषध बाहेर फेकलं जातं.

ॲस्पेनचं याच्या अगदी उलट. त्याचे कोंब एकाच मूळजाळ्यातून येतात. कापलेल्या ॲस्पेनच्या बुडख्याला किंवा हिरवळीतल्या कोंबांना औषध लावलंत तर ते मुळांतून शेजारच्या उभ्या ॲस्पेनमध्ये जातं. तिथे कोंब जमिनीखाली कापत राहणं एवढाच उपाय. ग्राइंडरनेही ॲस्पेन थांबत नाही, उलट तुटलेल्या मुळांवर आणखी कोंब येतात.

रानमेवा

देवराईंचं ॲस्पेनचं म्हणणं शंभर टक्के. आता खुरपं, तुम्ही जो टाळलात तो प्रश्न: ग्राइंड केल्यावर भुशाचं काय? बुडख्याच्या कित्येक पट ढीग होतो आणि निघालेली माणसं तो खड्ड्यातच लोटून जातात. वर चार इंच माती टाकून गवत पेरलं की पुढच्या वर्षी पिवळा गोल आणि तिसऱ्या वर्षी खळगा. लाकडात कर्ब नत्राच्या शेकडो पट असतो. मातीत मिसळलेला भुसा कुजवायला बुरशी मातीतलंच नत्र उचलते.

खुरपं

टाळला नाही, लिहायचा राहिला. भुसा काढून टाकायचा हेही कोटेशनमध्ये हवं. खड्ड्यातून तो उपसायचा आणि परिसरातलीच माती थरांनी दाबत भरायची, दोन इंच उंचवटा ठेवून, कारण मुळं कुजतील तशी ती बसत जाते. तोच भुसा इतर झाडांभोवती मातीवर दोन-तीन इंच पसरला तर उत्तम आच्छादन होतं. मातीच्या वर राहिला की नत्राचा प्रश्न जवळपास येत नाही. खोडापासून मात्र चार-सहा बोटं लांब.

पायाबद्दल रानमेवांचं मान्य. शेजारच्या झाडाबद्दल नाही. अशा ठिकाणी ६ इंचांवर थांबा, ग्राइंडर हद्दपार करायचं कारण नाही. हिरवळीत चार इंच वर आलेला बुडखा मोव्हरचं पातं मोडतो आणि धावती मुलं त्यावर आपटतात.

कातळ

भुसा पसरण्याबद्दल एक सक्त सूचना. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत लाकडाचा भुसा, चिप्स, जुना बुडखा, काहीही नको. तिथे खडी घाला. ३० डिसेंबर २०२१ च्या मार्शल आगीत बोल्डर काउंटीतली हजाराहून जास्त घरं गेली, तीही ऐन हिवाळ्यात. कोरडं गवत, बर्फ नाही आणि सोसाट्याचा वारा. ठिणगी येऊन पडते ती अशाच गोष्टींवर. म्हणून पाच फुटांच्या आतला बुडखा मी काढायलाच सांगेन, फुगणारी माती असली तरी. खड्डा नीट ठासून भरता येतो.

आणि बुडखा जाळायचा विचार कोणी करू नका. आग मुळांच्या वाटेने जमिनीखाली धुमसत राहते आणि भलतीकडे वर येते.

रानमेवा

कातळ, पाच फुटांच्या आत लाकूड नको हे मान्य. पण १२-१८ इंच नाही, जमिनीखाली तीन-चार इंच तासून वर माती आणि खडी. त्याने आगीचंही भागतं आणि पायाचंही.

उरलेल्या झाडांचं पाणी हा खरा खर्च. ऑक्टोबर ते मार्च स्प्रिंकलर बंद असतो आणि मुळं तेव्हाच वाळतात. बर्फ नसेल तेव्हा महिन्यातून एक-दोनदा, तापमान ४० फॅरनहाइटच्या वर असताना, दुपारी पाणी द्यायचं म्हणजे रात्रीच्या आत मुरतं. गुडघ्याच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, दर इंचाला १० गॅलन. १६ इंची झाडाला एका वेळी १६० गॅलन. होजचा वेग कळायला पाच गॅलनची बादली किती वेळात भरते ते पाहा. अडीच मिनिटांत भरली तर ऐंशी मिनिटं, चार-पाच जागा बदलत, खोडाशी नाही तर फांद्यांच्या घेराखाली आणि थोडं बाहेर. नंतर लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. फूटभर सहज गेला नाही तर पाणी वरच्या वरच राहिलंय.

गुळवेल

म्हणजे माझा ॲश भिंतीपासून बारा फूट, शेजारी हॅकबेरी आठ फुटांवर. ६ इंच ग्राइंड, भुसा हॅकबेरीखाली, आणि नवीन झाड बुडख्याच्या जागी नाही?

देवराई

बरोबर. जुन्या मुळांच्या जाळ्यात नवीन झाड नको, सहा-आठ फूट बाजूला घ्या. बर ओक किंवा केंटकी कॉफीट्री इथल्या मातीला चालतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीनपट रुंद पण उथळ, गोळा जमिनीच्या एक-दोन इंच वर राहील असा. खोड जिथे पसरट होतं तो भाग दिसलाच पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेर) ते ईस्टर (वसंताची सुरुवात) खोडाला पांढरं वेष्टन गुंडाळा, नाहीतर नैर्ऋत्येकडची साल दिवसा तापून रात्री गोठते आणि फाटते.