२०२३: माझा पहिला नंबर 'बाईपण भारी देवा'लाच

२०२३ च्या सर्वोत्तम सिनेमांची एक यादी पाहिली. 'जवान' पहिला, 'पठाण' दुसरा इथपर्यंत ठीक. पण 'बाईपण भारी देवा' हा "बायकांचा सिनेमा" म्हणून यादीबाहेर? हे अजिबात पटलं नाही. २०२३ मध्ये माझा पहिला नंबर त्यालाच.

सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, पण केदार शिंदेंनी प्रत्येकीचं दुखणं वेगळं ठेवलंय. नाशकात मी पाहिला तेव्हा सिडको, पंचवटीतून बायका घोळक्याने आल्या होत्या. नऊवारी, नथ, वर गॉगल! शेजारच्या काकू वंदना गुप्ते पडद्यावर आल्या की सुनेला कोपराने ढोसायच्या, "अगं, अगदी आपल्या आत्याबाई!" सासू-सुना एकाच जागी हसतात, एकाच जागी डोळे पुसतात, असं मी तरी त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या सिनेमाला पाहिलं नाही.

दुसरा 'जवान'. मेट्रोतला टकला शाहरुख म्हणजे पैसे वसूल. तिसरा 'ओपनहायमर': तीन तास जड जातात खरे, पण स्फोटानंतरची ती शांतता मोठ्या पडद्यावरच अनुभवावी. 'पठाण' चौथा. 'गदर २' पहिल्या भागाच्या प्रेमापोटी पाहिला, यादीत नाही घेणार.

'बाईपण' अजून पाहिला नसेल तर आईला, मावशीला सोबत घेऊन बघा आणि मग नंबर लावा.