गोल्ड नॅनोपार्टिकल + डेंड्रिमर, एमएस्सीच्या प्रोजेक्टला झेपेल का?

गोदाकाठची_केमिस्ट:
नमस्कार मंडळी, मी नाशिकलाच एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोन्याचे नॅनोपार्टिकल बनवून त्यावर पॅमॅम डेंड्रिमर (झाडासारख्या फांद्या फुटत गेलेला पॉलिमरचा रेणू) लावायचा आणि विषय द्यायचा 'कॅन्सरचं औषध पेशीपर्यंत नेणं', असं डोक्यात आहे. लॅबला यूव्ही-व्हिजिबल (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे, बाकी काही नाही. सर म्हणतात कर, पण कसं ते कोणी सांगेना. आणि आजी विचारतेय, पुष्य नक्षत्राला पोरांना सुवर्णप्राशन देतात तेच का गं हे? 😀

सातपूर_क्यूसी:
आधी टायटलमधून कॅन्सर काढ, पेशी वाढवायची सोय नसताना व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक तिथेच धरणार. सोनं मात्र सोपंय. क्लोरोऑरिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण उकळायचं, ढवळत ढवळत ट्रायसोडियम सायट्रेट एकदम ओतायचं, फिकट पिवळं जाऊन आधी काळपट-निळसर आणि मग वाईनसारखं लाल होतं, ५२० नॅनोमीटरच्या आसपास पीक आला की झालं. ही टर्केविचची १९५१ ची पद्धत. काचसामान अ‍ॅक्वा रेजियाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक अ‍ॅसिडचं मिश्रण) धू (फ्यूम हूडमध्येच!!), क्लोरोऑरिकला स्टीलचा स्पॅचुला लावू नको आणि ग्लोव्ह्ज घाल, नाहीतर बोटं जांभळी घेऊन फिरशील.
खरी गंमत पुढे आहे. सायट्रेटवालं सोनं निगेटिव्ह आणि टोकांना अमाइन (नायट्रोजनवाले गट) असलेला पॅमॅम पॉझिटिव्ह, त्यामुळे डेंड्रिमर थोडासाच टाकला तर तो दोन-चार कणांना एकत्र बांधतो आणि लाल द्रावण निळं पडतं, भरपूर टाकला तर प्रत्येक कणाला कोट बसून लाल टिकू शकतं. वेगवेगळी मात्रा घे, मग मीठ टाकून बघ कोण लाल राहतं (नीट कोट नसलेले कण मिठाने एकत्र येऊन निळे पडतात). हाच तुझा प्रोजेक्ट, आणि यूव्हीवर सगळा होतो. डेंड्रिमर महाग असतो, मिथेनॉलमध्ये येतो, सगळ्यात छोटी बाटली मागव.

फार्मावाला_नाशिककर:
+१. औषधाचं म्हणशील तर पॅमॅम टोमालियांच्या टीमने १९८५ ला मांडला, चौथ्या जनरेशनला (म्हणजे फांद्यांच्या थराला) ६४ अमाइन, पाचव्याला १२८, एवढ्या हातांना औषध, फॉलिक अ‍ॅसिड काय वाट्टेल ते अडकवता येतं म्हणून सगळ्यांचा त्यावर डोळा. पण तेच पॉझिटिव्ह अमाइन पेशीचं आवरण फाडतात, लाल रक्तपेशी फोडतात, म्हणून त्यांना अ‍ॅसिटिल नाहीतर पेग (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) लावून गप्प बसवावं लागतं. सोनं लिव्हर आणि प्लीहेत जाऊन बसतं ते लवकर निघत नाही, ही दुसरी डोकेदुखी. नुसत्या सोन्याची गाडी थोडी पुढे गेलीय, अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना सिलिकावर सोन्याचा थर असलेले नॅनोशेल देऊन लेझरने गाठ जाळायची ट्रायल झाली, २०१९ ला रिझल्ट छापून आले. सोनं-डेंड्रिमर जोडी मात्र बहुतेक उंदरांपर्यंतच.

गोदाकाठची_केमिस्ट:
बापरे, एवढं सरांनी पण सांगितलं नव्हतं! मग मेडिकल भाग टाकूच नको का?

सातपूर_क्यूसी:
टाक की, टेस्ट किटचा टाक. प्रेग्नन्सी किटवरची ती लाल रेघ बऱ्याचदा सोन्याच्या कणांचीच असते, कोविडच्या रॅपिड किटमध्येही तेच. इंट्रोडक्शनला पान-दीड पान आरामात होईल.

फार्मावाला_नाशिककर:
आणि आजींना सांग, सुवर्णप्राशनातलं सोन्याचं भस्म वेगळं. पुटं देऊन (पुन्हा पुन्हा भाजून) केलेलं, कण लहानमोठे, वर औषध वगैरे काही बांधलेलं नसतं. बाटलीतलं तुझं लाल पाणी त्यांच्या हाताला लागू देऊ नको म्हणजे झालं 😄